कस्तुराबाईंचा तुकडा

लग्नातली भांडणं लग्नात संपतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या राहू गावाला येऊन बघावं. हळदीला कोण रुसलं, पंगतीत कुणाच्या पानात गुलाबजाम पोचला नाही, हे सगळं वरात दारात येईपर्यंत मिटतं. खरं भांडण उभं राहतं महिन्याभरानं, लग्नाची फिल्म तयार झाल्यावर. पेनड्राइव्ह एक आणि घरं पंचवीस. तो आधी कुणाकडं जायचा?

हौसरावांच्या भावकीतल्या मागच्या लग्नाचा पेनड्राइव्ह आधी मामाकडं गेला आणि मग चुलत्याकडं. चुलत्यानं तो तीन वर्षं झाली परत केलेला नाही, आणि फिल्म बघितलेलीही नाही. "उष्टी फिल्म आमच्यात बघत न्हाईत," एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून हौसरावांच्या मुलाचं, इंद्रजीतचं लग्न झालं तेव्हा त्याची बहीण राजनंदिनी सावध होती. ती पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम घरूनच करते. ती वडलांना म्हणाली, "आप्पा, ह्या वेळी पेनड्राइव्हच नको. मी ॲप करते. सगळ्यांना एकदम मिळंल. पहिला कोणी नाही, शेवटचा कोणी नाही."

"एकदम कसं मिळंल?"

"फाईलचे बारीक तुकडे करायचे. एकेक तुकडा एकेकाच्या फोनवर पाठवायचा. मग ज्याच्याकडं जो नाही तो त्यानं दुसऱ्याच्या फोनवरनं घ्यायचा. देता देता घ्यायचं, घेता घेता द्यायचं."

"आन् मुख्य कोण?"

"मुख्य कोणीच नाही. सगळे बरोबरीचे."

"चेअरमन?"

"नाही."

"व्हाइस चेअरमन तरी?"

"आप्पा, त्याशिवायच चालतं ते."

हौसराव एकोणीस वर्षं गावच्या विकास सोसायटीचे संचालक आहेत. त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कर. पण गावात सांगू नको. लोकं शिकतील."

राजनंदिनीनं सगळं काही स्वतः लिहिलं नाही. तुकडे पाडायचे, जुळवायचे, आलेला तुकडा अस्सल की नासका ते तपासायचं, असं सगळं आयतं लिहून ठेवलेलं मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. कुठल्या तरी भल्या माणसांनी ती वर्षानुवर्षं खपून लिहिलेली असते आणि जगाला फुकट दिलेली असते. राजनंदिनीनं तीन आठवडे खपून त्यावर बटणं बसवली. हौसराव मात्र सोसायटीत सांगत सुटले, "पोरगी लायब्ररीतनं ॲप करतीय." दोघा जणांनी घरी येऊन विचारलं, कुठल्या कपाटात असतंय म्हणून.

ॲपला नाव हौसरावांनीच दिलं. सगळे बरोबरीचे, प्रत्येकाकडं थोडंथोडं आणि एकावाचून दुसऱ्याचं अडलेलं. त्यांनी ठेवलं, 'भाऊबंद'. राजनंदिनीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

फिल्म पप्पू फोटोवाल्याकडं होती. त्याचा स्टुडिओ सणसवाडीत, कंपनीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांखाली. वरच्या सहा खोल्या त्याच्याच वायफायवर, त्यामुळं नेट गोगलगायीचं. फिल्म तीन तास चाळीस मिनिटांची. तुकडे पडले चोवीसशे. हे पंचवीस घरांना पंचवीस वेळा पाठवायचं तर पुढच्या लग्नसराईपर्यंत पुरलं असतं. पण लायब्ररीत एक खटका असतो. तो दाबला की मूळ मालक प्रत्येक तुकडा एकाच घरी देतो आणि पुढं तो त्या घरानं वाटायचा. राजनंदिनीनं खटका दाबला. चार दिवसांनी पडद्यावर आलं, सगळे तुकडे बाहेर पडले. तिनं पप्पूला फोन केला, "झालं बरं का तुमचं काम."

पप्पूनं लगेच डिस्क पुसली. लग्नसराईत डिस्क आणि पातेलं भरलेलं ठेवून चालत नाही. घरातनं बाहेर पडणं आणि मुक्कामाला पोचणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजनंदिनीला दुसऱ्या दिवशी कळलं. सगळ्यांचे फोन नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्क्यांवर येऊन थांबले. चोवीसशेपैकी नऊ तुकडे कुणाकडंच दिसत नव्हते, आणि त्यात नेमका शेवटचा होता. पप्पूच्या कॅमेऱ्याची फाईल अशी, की कुठलं दृश्य कुठं आहे त्याची यादी शेवटच्या तुकड्यात. तो नसेल तर थोडीफार दिसेल असंही नाही. फाईल उघडतच नाही.

नऊच्या नऊ तुकडे एकाच फोनवर गेले होते. भांडगावच्या कस्तुराबाईंच्या. हौसरावांची थोरली बहीण. आणि तो फोन दोन दिवस 'भाऊबंद'मधनं गायब होता.

एरवी राजनंदिनीनं चार दिवस वाट बघितली असती. पण रविवारी तात्याबा यायचे होते. तात्याबा म्हणजे नवरीचे, सुलक्षणाचे वडील, शिरूरचे. लग्नाच्या दिवशी सकाळी तोरण बांधताना ते स्टुलावरनं पडले आणि पाय मोडला. कन्यादान धाकट्या भावानं केलं. तात्याबांनी दवाखान्यातल्या खाटेवर मोबाइलवरनं मंगलाष्टका ऐकल्या, त्याही दोनच. तिसऱ्याच्या वेळी मध्येच कर्ज पाहिजे का म्हणून फोन आला आणि तो कट करेपर्यंत लग्न लागून गेलं होतं. एकुलत्या एका मुलीचं लग्न बघितलं नाही, ही गोष्ट ते प्लास्टरपेक्षा जास्त बोलून दाखवत. आता ते खास मोठ्या टीव्हीवर बघायला येणार होते.

"वन्सं, आमच्या आण्णांना दिसंल ना सगळं?" सुलक्षणानं विचारलं.

"दिसंल की वहिनी," राजनंदिनी म्हणाली, आणि माडीवर जाऊन तिनं आत्याला फोन लावला.

"आत्या, ते ॲप बंद झालंय का तुमचं?"

"म्या केलंय बंद."

"का हो?"

"तूच उघड आन् बघ माझ्या नावाम्होरं काय लिवलंय ते. मला बोलायला लावू नगंस."

राजनंदिनीनं उघडून बघितलं आणि ती खालीच बसली. इंग्रजी कळत नाही अशी हौसरावांची तक्रार होती, म्हणून मंगळवारी तिनं लायब्ररीतले सगळे इंग्रजी शब्द भाषांतराच्या यंत्रात घातले होते आणि न वाचताच ॲपमध्ये चढवले होते. ह्या धंद्यात ज्याची फाईल अजून पुरी व्हायची आहे, त्याला इंग्रजीत लीचर म्हणतात. यंत्रानं प्रामाणिकपणे शब्दाला शब्द दिला होता. कस्तुराबाईंच्या फोनवर ठळक अक्षरांत आलं होतं:

कस्तुराबाई — जळू.

बाकीच्यांच्या फोनवर त्यांच्या त्यांच्या नावापुढं तेच होतं. पण बाकीचे टक्के बघत होते. वाचणारी एकटी कस्तुराबाई निघाली.

शुक्रवारी सकाळी बापलेक भांडगावला गेले. कस्तुराबाईंनी या म्हटलं, बसा म्हटलं, पाणी दिलं. चहा ठेवायला सुनेला सांगितलं नाही. ह्याचा अर्थ आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"बरी हायस न्हवं, आक्का?" हौसराव म्हणाले.

"जळवेला काय धाड भरलीय?"

"आगं, ते मशीननं केलंय."

"मशीनला माझं नाव कुणी सांगितलं?"

राजनंदिनी पुढं सरकली. "आत्या, फिल्मचा शेवटचा तुकडा एकट्या तुमच्या फोनवर अडकलाय. आणि चूक माझी आहे. ज्याचं अजून घेणं चालू आहे, त्याला तसं म्हणतात. मी वाचलं नाही."

"घेणं?" कस्तुराबाईंनी पदर खोचला. "म्या काय घेतलं गं तुमच्या घरातनं? हौश्या, तू सांग. नदीकडला दीड एकराचा तुकडा माझ्या वाट्याचा व्हता का न्हाई?"

"व्हता."

"दौंडला जाऊन हक्कसोडावर सही कुणी केली?"

"तू केलीस."

"आन् मला काय दिलंस? एक पातळ आन् एक भेळ."

"दोन भेळी," हौसराव हळूच म्हणाले.

"त्यातली एक तू खाल्लीस!"

हौसरावांनी छताच्या पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

"आन् आता ह्यो दुसरा तुकडा पायजे," कस्तुराबाई म्हणाल्या. "आण इकडं कागद. स्टॅम्पपेपर आणलायस ना?"

"आत्या," राजनंदिनी घाईनं म्हणाली, "हा तुकडा दिला तरी तुमच्याकडं राहतो."

"आँ?"

"जात नाही. त्याची नक्कल जाते. पंचवीस घरांना दिलात तरी तुमचा तुमच्या फोनवर आहे तसाच."

"कमी न्हाई व्हत?"

"कणभर नाही."

कस्तुराबाईंनी उशाखाली हात घालून फोन चाचपला. मग भावाकडं वळल्या. "आयकलंस का? असा तुकडा आपल्या घराण्यात कुणी बघितलाय का?"

"न्हाई," हौसराव म्हणाले, आणि हे त्यांनी खरं सांगितलं.

आता जरा नरमलेलं दिसतंय असं वाटून राजनंदिनीनं वडलांच्या खिशातला फोन काढला आणि 'भाऊबंद' उघडून आत्यासमोर धरला. "आणि हे बघा, एकट्या तुम्हालाच नाही म्हटलेलं. आप्पांच्या नावापुढं पण तेच आहे. सगळ्यांच्याच."

कस्तुराबाईंनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मग फोन भावाच्या हातात दिला.

"वाच."

"काय वाचू?"

"तुझ्या नावाम्होरं काय हाय ते. मोठ्यानं. प्रतिभा, ए प्रतिभा! भायेर ये जरा."

सूनबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. मामांना वाकून नमस्कार करून उभी राहिली.

"आक्का, आगं सूनबाईसमोर..."

"मग रायलं. इवायाला सांग, फिलम न्हाई म्हणून."

हौसरावांच्या डोळ्यांपुढं प्लास्टरातला पाय आला असावा. त्यांनी घसा खाकरला. "हौसराव. जळू."

"तसं नगं. सभेत नाव पुकारत्यात तसं."

"श्री. हौसराव," हौसराव म्हणाले, "मुक्काम पोस्ट राहू. जळू."

प्रतिभा पिठाचा हात तोंडाला लावून आत पळाली. आतनं जो आवाज आला, तो खोकल्याचा होता असं ती नंतर सांगत होती.

कस्तुराबाईंनी उशाखालनं फोन काढला, 'भाऊबंद' उघडलं आणि कॉटवर मधोमध ठेवला. तिघंही त्याच्याकडं बघत बसली. एक तुकडा गेला, दोन गेले. पाचव्याला कस्तुराबाई म्हणाल्या, "प्रतिभा, आधण ठेव गं." चहा आला तेव्हा नववा निघाला होता आणि पंचवीस घरांतले फोन एकेक करून शंभरवर जायला लागले होते. राजनंदिनीनं तिथंच बसून 'जळू' खोडलं आणि 'येतंय' असं लिहिलं.

परत येताना हायवे सोडून गाडी आत वळली तशी हौसरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नंदे, तुझ्या त्या लायब्ररीत जमिनीचं काय न्हाई का?"

"जमिनीचं काय, आप्पा?"

"दिली तरी आपल्याकडं ऱ्हाती, असं."

"नाही."

"मग अवघड हाय," हौसराव म्हणाले आणि काच खाली केली.

रविवारी दहाच्या सुमाराला तात्याबा आले. त्यांना सोफ्यावर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला. आता स्टूल दिसलं की ते जरा बिचकतात. भावकी जमली. कस्तुराबाई सकाळीच येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. राजनंदिनीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. फिल्म उघडली.

अंतरपाट धरलेला दिसला तसे तात्याबा म्हणाले, "थांबव. अक्षता कुठं हायती?"

"अक्षता?" हौसराव म्हणाले.

"मोकळ्या हातानं लगीन लावू का पोरीचं?"

धावपळ झाली. सुलक्षणानं परातीत तांदूळ आणले, कुणी कुंकू कालवलं, मुठी वाटल्या. मग तात्याबांनी कुबडी मागितली आणि उभे राहिले. पाव्हणा मोडक्या पायावर उभा म्हटल्यावर बाकीच्यांना बसून कसं चालेल? सगळं घर उभं राहिलं. पहिल्या 'सावधान'ला तात्याबांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. पाचव्यापर्यंत टीव्हीखाली तांदळाचा ढीग झाला. सुलक्षणा टीव्हीतही रडत होती आणि दारातही. तात्याबांनी शेवटची मूठ टाकली, ती निम्मी लॅपटॉपवर गेली. राजनंदिनी बटणांतले तांदूळ वेचायला लागली.

टीव्हीत टाळ्या वाजल्या, वाजंत्री वाजली. तात्याबा खाली बसले आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"लागलं," ते म्हणाले. "आता वाढा."

"आन् पुढचं?" हौसरावांनी विचारलं. "अजून तीन तास हाय, इवाय."

"लगीन लागल्यावर मांडवात कोण थांबतंय व्हय?"

सगळे जेवायला उठले. टीव्हीपुढं उरल्या एकट्या कस्तुराबाई. ताट तिथंच मागवून घेतलं आणि सप्तपदी, आहेर, पाव्हण्यांच्या जेवणाचं पन्नास मिनिटांचं शूटिंग, सगळं न हलता बघितलं. दुपारी शेवटी पडद्यावर दोन पोपट आले आणि त्यांच्या खाली पप्पूचा मोबाइल नंबर.

"ह्यो व्हय माझा तुकडा?" कस्तुराबाई उसळल्या. "पप्प्याची जाहिरात?"

"नाही हो आत्या." राजनंदिनी शेजारी येऊन बसली. "तुमचा तुकडा पडद्यावर दिसत नाही. पण तो आहे म्हणून बाकीचं सगळं दिसलं. तो नसता, तर तात्याबांना आज नुसता काळा टीव्ही बघून जावं लागलं असतं."

कस्तुराबाईंनी ताट बाजूला सारलं.

"ह्ये तुझ्या बापाला बोलावून सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

हौसराव तेव्हा तात्याबांना धरून गाडीत चढवत होते. राजनंदिनीनं ओट्यावरनं हाक मारून सांगितलं, आत्या आत बोलावतायत. हौसरावांनी ऐकलं, मान हलवली, आणि व्याह्यांना पोचवायला म्हणून स्वतःही गाडीत बसून शिरूरला गेले.