इंजिनाला बेळकं

पर्यटकांना समुद्रात फिरवायचा धंदा दीप्तीच्या मनाने घेतला होता. रत्नागिरीत घेतलेली फायबरची होडी आज ट्रेलरवरून दापोलीजवळच्या मुरुडला, घरी न्यायची होती. नवरा हर्षद लोटे इथल्या कंपनीत कामाला. त्याला सुट्टी मिळेना. म्हणून पिकअप तीच चालवत होती. शेजारी सासूबाई, यमुनाबाई. होडी नकोच म्हणून त्या कुरकुरत होत्या, पण सून एकटी निघतेय म्हटल्यावर आधी गाडीत जाऊन बसल्या.

चिपळूणच्या अलीकडे कुठल्याशा कंपनीची बस पुढे गेली. खिडक्यांतली माणसं हात करकरून मागे दाखवत होती. दीप्तीने गाडी कडेला घेतली आणि मागे धावली.

होडीच्या मागच्या फळीवरचं इंजिन वर उचलून खटक्यात अडकवलेलं होतं, पंखा रस्त्याला लागू नये म्हणून. तो खटका वाकला होता. प्रत्येक खड्ड्यात इंजिनाचा हिसका फळीला बसत होता. आणि बोल्टाजवळ वीतभर चीर!

"आई, फळी फुटली," दीप्ती ओरडली. फळी गेली म्हणजे होडी गेली.

यमुनाबाई उतरल्या. वाकून त्यांनी नखाने चीर खरवडली. रंगाचा पापुद्रा हातात आला.

"रंग फाटलाय गो नुसता. बघ तरी."

दीप्तीने मोबाईलचा उजेड पाडला. होडीत चढून आतून हात फिरवला, बुक्की मारून पाहिली. आवाज भरीव आला. फायबर सलग होतं. तिला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"पण असंच नेलं तर खरंच फुटेल," ती म्हणाली. "इंजिनाला खालून टेकू हवा."

"गोठ्याला मेढ देतो तसा?"

"अगदी तसाच."

समोरच्या चहाटपरीमागे सरपण रचलेलं होतं. त्यातून यमुनाबाईंनी एक जाडसर बेळकं, वर दोन फाटे असलेलं लाकूड, ओढून काढलं. ट्रेलरच्या मागच्या आडव्या दांड्यापासून इंजिनापर्यंत दीप्तीने माप घेतलं; टपरीवाल्या सावित्रीने कोयतीने तेवढं तोडून दिलं. बेळक्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. इंजिन जरा खाली घेऊन त्याचा भार त्यात टेकवला, खालचं टोक दांड्याला बांधलं आणि पट्ट्याने सगळं आवळलं. यमुनाबाईंनी जोर लावून हलवून पाहिलं. इंजिन जागचं हललं नाही.

परशुरामच्या घाटात दीप्तीचे डोळे सारखे आरशात जात होते. खेड मागे पडलं तेव्हा कुठे तिने खांदे सैल सोडले. यमुनाबाई तर घोरत होत्या.

मुरुडला उन्हं कलताना चार गाववाल्यांनी होडी पाण्यात ढकलली. दीप्तीने इंजिन खाली पाण्यात सोडलं. पहिल्याच झटक्याला ते धडधडलं. थोडा वेळ थांबून तिने फळीच्या मुळाशी बोटं फिरवली. कोरडी.

तिने हर्षदला फोन लावला. "पोचलो. सगळं नीट आहे," ती म्हणाली.

तोवर यमुनाबाई लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्या होत्या.

"हात दे गो," त्या म्हणाल्या. "एक फेरी मारू. पण किनारा सोडू नकोस हां."