मातीच्या आचाऱ्याचं तोंड

सोमवारी सकाळी संग्रहालयातली मातीची चूल पेटली आणि शरयू पोतनीसच्या घरची शेगडी बंद पडली. बर्नर होते तिथे आता सपाट, गुळगुळीत पत्रा होता. तीन काड्या फुकट घालवून ती चहा न घेताच कामावर गेली.

शरयू फुटक्या मूर्ती सांधायची. गेल्या आठवड्यात तिच्या टेबलावर चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातला संसार आला होता. वीतभर चूल, घागर, बासरी आणि एक आचारी, सगळं मातीचं. चुलीला तोंड नव्हतं, घागरीच्या बुडाला भोक होतं आणि बासरीला मात्र एकही नव्हतं. अर्धवट काम दिसलं की या बाईचे हात शिवशिवायचे. कुणाला न विचारता तिने चूल कोरली, घागर बुजवली, बासरीला सहा भोकं पाडली. शनिवारी निघता निघता आचाऱ्याच्या कोऱ्या चेहऱ्यावर तोंडही उघडून दिलं. नसती उठाठेव, पण जमली होती फार सुरेख.

संग्रहालयाचे प्रमुख महाबळ सर आज ते बघून खुर्चीतच बसले.

"पोतनीसबाई, मेलेल्यांबरोबर पुरायची भांडी मुद्दाम अर्धवट ठेवतात. जिवंतांच्या कामाची राहू नयेत म्हणून."

"मग आता?"

"आता कामाची झाली. म्हणजे कुणाची तरी गेली असणार."

चुलीवर घागरीतलं पाणी उकळायला लागलं होतं. शरयूने घरी नवऱ्याला फोन लावला.

"अगं, हंडा गळतोय," दिगंबर म्हणाला. "स्वयंपाकघरात तळं झालंय. माझ्या बासरीची भोकंही गेली. आणि ओठ असे जड झालेत, शरयू, मला..."

"...भीती वाटतेय," टेबलावरचा आचारी म्हणाला.

आवाज दिगंबरचाच होता. फोनमध्ये फक्त नाकाने घेतलेले श्वास आणि हंड्याची टपटप ऐकू येत होती.

शरयूने खिळा घेऊन घागरीचं बूड फोडलं. फोनमधली टपटप थांबली. तिने चुलीचं तोंड लिंपलं, तसा घरचा गॅस फसफसल्याचा आवाज आला. बासरीची भोकंही तिने बुजवली. मग तिने अंगठ्यावर ओली माती घेतली.

"थांब," आचारी म्हणाला. "माझा आवाज तिकडेच जाईल, याची खात्री आहे का तुला?"

"घागरीचं जमलं."

"घागर बोलत नव्हती."

तिने महाबळ सरांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

"अहो, ऐकताय ना?" ती फोनमध्ये म्हणाली. "बुजवू की नको?"

पलीकडून बोटाने फोनवर टकटक झाली. आधी एकदा, मग दोनदा, मग भराभर. सव्वीस वर्षांच्या संसारात होकारासाठी किती आणि नकारासाठी किती, हे काही ठरलेलं नव्हतं. श्वास मात्र तोकडे होत चालले होते, आणि दिगंबरला तर बारा महिने सर्दी.

तिने आचाऱ्याच्या तोंडावर अंगठा टेकवला. मातीखाली ओठ हलले. ते ऊबदार होते. लग्नाआधी दिगंबर चोरून ज्या नावाने हाक मारायचा, त्या नावाने त्याने तिला हाक मारली.

शरयूने अंगठा दाबला.