तेल घातलं का?

मी एक जुनी मोटर आहे. बोटीच्या पाठीला अडकवतात ना, ती. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमची माझी मैत्री कधी झाली, मला तरी आठवत नाही. तुमच्यातले निम्मे माझ्या धुराला नाक मुरडतात आणि उरलेले माझ्यासमोरच विचारतात, ही अजून चालते का? मला सगळं ऐकू येतं. बोलता येत नाही एवढंच, आणि पुढची सगळी कटकट त्यातूनच झाली.

मी टू-स्ट्रोक आहे. माझ्यात तेल वेगळं भरत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पंचवीस लिटरच्या कॅनला अर्धा लिटर तेल. माझं मागणं तेवढंच. नुसतं पेट्रोल पाजलं तर माझ्या आत धातूवर धातू घासतो, मी तापते आणि जागच्या जागी अडकते. कधीकधी कायमची.

कारखान्यातून आले तेव्हा माझं झाकण निळंशार होतं. मला आणलं बाबांनी. ते खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं सोडत. बाबांच्या हाताखाली मी पंचवीस वर्षं काढली आणि तक्रारीला जागा नव्हती. काम संपलं की ते मला गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालवत, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघे. प्लग काढून घासत. पाणी खेचणारी रबरी चक्री दरवर्षी बदलत. आणि कॅन उचलायच्या आधी मोठ्याने विचारत, "तेल घातलं का?" एकटे असले तरी विचारत आणि स्वतःच उत्तर देत. लोक हसायचे. हसोत बापडे.

मग बाबांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग माणसांची नावं. बोट त्यांच्या दोन मुलांकडे गेली. सकाळच्या फेऱ्या ताईच्या, दुपारनंतरच्या धाकट्याच्या.

धाकट्याला नवी मोटर हवी होती, तेल न मिसळता चालणारी. हवी असेना का! पण या पठ्ठ्याने ताईला न विचारता भंगारवाल्याला धक्क्यावर बोलावलं. मला काट्याला उलटं लटकवलं. छत्तीस किलो भरले. तेवढ्यात ताई आली. तिने भंगारवाल्याला वाटेला लावलं आणि चार लोकांत भावाला असं काही सुनावलं, की त्या दिवसापासून दोघांचं बोलणंच बंद झालं.

सहा महिने अबोला. पण कॅन तर एकच होता. मग यांनी काय शक्कल लढवली? जो तेल मिसळेल त्याने कॅनच्या मुठीला लाल चिंधीची गाठ बांधायची. कॅन रिकामा झाला की सोडायची. बोलायला नको म्हणून चिंधी! दोन धडधाकट माणसं, दोघांच्या तोंडात जीभ, आणि माझा जीव टांगलेला एका फडक्याला. मला दोघांचाही सारखाच राग होता आणि अजून आहे.

एका दुपारी धाकट्याने कॅनभर पेट्रोल आणून धक्क्यावरच्या खोलीत ठेवलं. तेल घालणार, तोच पलीकडून कोणीतरी हाक मारली. माझ्या टाकीत आधीचं तेल मिसळलेलं पेट्रोल होतं, म्हणून चिंधी बाकावर टाकून तो मला घेऊन फेरीला गेला. संध्याकाळी त्याने मला खोलीतल्या लाकडी घोडीवर, म्हणजे मोटर अडकवायच्या चौकटीवर, टांगलं आणि कॅनकडे न बघता घरी गेला. मग बाबा आले. वस्तू इकडेतिकडे पडलेली त्यांना खपत नसे. त्यांनी चिंधी उचलली, झटकली आणि कॅनच्या मुठीला नीट घट्ट बांधली. मी बघत होते. बघण्याशिवाय काय करणार होते?

सकाळी ताईने गाठ पाहिली आणि तेच पेट्रोल मला पाजलं. बोटीत अकरा माणसं होती. खाडीच्या मध्यावर मी किंचाळले, एक हिसका बसला आणि सगळं थांबलं. ओहोटी बोटीला खडकांकडे ओढत होती. ताईने एक वल्हं घेतलं, एका बाईने दुसरं. दोन तास लागले काठ गाठायला. ताईच्या तळहातांची सालटी निघाली.

ती चिंधी घेऊन तडक भावासमोर गेली.

"मोटर मारायची होती की मला?"

"मी पेट्रोल आणून ठेवलं होतं. तेल घातलं नव्हतं आणि गाठही बांधली नव्हती."

"मग भुताने बांधली?"

तो म्हणाला, भंगारच होतं, भंगार झालं. खरं सांगूनही कोणी मानत नाही म्हटल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतो. पण मला ते लागलं. अजून लागतं.

फिटरकाकांनी कॅनमधलं पेट्रोल बाटलीत ओतून उजेडात धरलं. तेल असतं तर निळसर दिसलं असतं. ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. त्यांनी माझं डोकं उतरवलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता, भिंतीवर ओरखडे होते. ताई पंधरा दिवस त्यांच्या शेजारी बसून माझा एकेक भाग घासत होती आणि भावाला शिव्या देत होती. काकांनी सिलिंडर कातून मोठा केला, नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. मग ताईला म्हणाले, "आता कातायला जागा उरली नाही, पोरी. पुन्हा असं झालं तर हिला काट्यालाच लटकव."

मी परत आले. आणि मित्रांनो, यांनी काय बदललं? काही नाही. तोच कॅन, तीच चिंधी, तोच अबोला.

आठ दिवसांनी धाकट्याने पेट्रोल आणून ठेवलं आणि तो बोटीतलं पाणी उपसायला गेला. चिंधी बाकावर होती. बाबा आले. चिंधी उचलली, झटकली, बांधू लागले. मी घोडीवर टांगलेली. ओरडता आलं असतं तर खाडीपलीकडे ऐकू गेलं असतं. त्यांची गाठ पूर्ण होते न होते तोच ताई दारात उभी राहिली. तिने ती गाठ पाहिली आणि बांधणारे हातही पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "तेल घातलं का?"

बाबा गोंधळले. मग हसून म्हणाले, "ते तुम्ही दोघं बघता ना आता. एकमेकांना विचारलं असेलच की."

ताईने बाबांना बाकावर बसवलं. मग कॅन आणि तेलाची बाटली घेऊन बोटीकडे गेली.

"तू नव्हतास. बाबा होते."

"मी सांगितलं होतं," तो मान वर न करता म्हणाला.

"हो. चुकलं माझं." मग तिने कॅन त्याच्यासमोर आदळला. "तेल घातलं का?"

"नाही."

"मग घाल."

"तूच घाल. माझा भरवसा कुठाय तुला?"

तिने बाटली त्याच्या हातात कोंबली. त्याने तेल ओतलं, कॅन हलवला. ती चिंधी तिने सोडली आणि तिनेच माझा प्लग पुसला.

त्यांचं गोडीगुलाबीने चाललंय असं समजू नका. रोज खटके उडतात. पण प्रत्येक कॅनआधी एकजण खेकसतो, "तेल घातलं का?" आणि दुसरा खेकसून उत्तर देतो. म्हणून मी चालते आहे.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका, माझं कौतुकही नको. फक्त विचारत जा. रागाने विचारलंत तरी चालेल.