सान मिगेलहून आलेली पेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो. झाकणाला मधोमध चीर गेली आहे, उजवी कडी कधीच हरवली. तरी देवाच्या कृपेनं माझे चारही कोपरे अजून जागेवर आहेत. सांगायला बसले आहे, तर थोडा वेळ ऐकून घ्या.

माझं लाकूड सतवासच्या रानातलं. देवासच्या सुतारानं मला खंडोजीरावांसाठी घडवलं. खंडोजीराव म्हणजे देवासच्या पागेतले स्वार. त्यांचं खोगीर, लगाम आणि रिकिबी माझ्या पोटात असत. घरी आले त्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, नर्मदाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं होतं. तेवढ्यानंच मी घरची झाले.

एकदा धारला सर्कस आली. धावत्या घोड्यावर सरळ उभे राहणारे खंडोजीराव मालकाच्या नजरेत भरले, आणि समुद्रापलीकडं चलता का, असं त्यानं विचारलं. त्यांच्या आईला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"समुद्र ओलांडलास तर या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस."

"अक्का, दोन वर्षांत येतो. घोडे का पाण्यावरून पळणार आहेत?" खंडोजीराव हसले.  नर्मदाबाईंनी माझ्या तळाशी एक सुपारी ठेवली आणि कडी लावली.

सिंगापूरपर्यंत घरी पत्रं गेली, कारण सर्कशीचे कारकून मराठी होते. खंडोजीरावांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पुढं मनिला नावाच्या बंदरात घोड्यांवर रोग पडला आणि सर्कस मोडली. सगळे परतले. खंडोजीरावांना रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली. ते एका परक्या सर्कशीबरोबर पुढं निघाले, आणि मी त्यांच्याबरोबर.

मनिलात मी एक नवी भाषा ऐकली. हमाल मला उचलताना तीच बोलत. घोड्याला ते काबायो म्हणत, पाण्याला आग्वा. मग आम्ही महिना-दीड महिना नुसतं पाणी पाहिलं. मला वाटलं, आता पलीकडं उतरलो की बोलणं निराळं असणार. आपल्याकडे देवासहून धारला जाईतो माळवीचा सूर दोनदा बदलतो. पण पेरू देशाच्या बंदरात उतरवलं, तर हमाल म्हणाला आग्वा. तिथून खाली चिलीच्या बंदरात गेलो, तिथंही आग्वा. खेचराच्या पाठीवर बसून बर्फाचा डोंगर ओलांडला, अंग गारठून गेलं, आणि पलीकडच्या मैदानात एका बाईनं खंडोजीरावांना पाण्याचा तांब्या पुढं केला. तीही आग्वाच म्हणाली.

"ही बोली साऱ्या जगाची दिसते," खंडोजीराव मला थोपटत म्हणाले. मला बोलता आलं असतं, तर मी तेव्हाच अडवलं असतं.

त्या मैदानात, सान मिगेल नावाच्या खेड्यात, त्यांना घोडे शिकवायचं काम मिळालं. तिथंच एका उधळलेल्या शिंगरानं त्यांना पाडलं. पाय मोडला. अंथरुणावर पडल्यावर माणसाला घर आठवतं. त्यांनी गावच्या लिहिणाऱ्याला बोलावून त्याच्याच भाषेत पत्र लिहवलं. मनात शंका आली नाही, कारण इतके मुलूख जी बोली बोलतात, ती देवासात कुणालाच येत नसेल असं कसं होईल? पत्र माझ्यात ठेवलं, वर एक लोकरीची शाल ठेवली, आणि बंदरावरच्या सिंधी व्यापाऱ्याच्या गुमास्त्याकडे मला सोपवलं. त्यानं माझ्या झाकणावर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कुठून निघाले, कुणाला पोचायचं, उत्तर कुठं धाडायचं, सगळं त्यांवर होतं.

इंदूरच्या स्टेशनावरून बैलगाडीनं मी देवासला पोचले, तेव्हा फाल्गुन होता. नर्मदाबाई धावत आल्या. पण अक्कांनी मला अंगणातच थांबवलं. समुद्रापलीकडची वस्तू तशीच घरात कशी घ्यायची? त्यांनी पदर खोचला, राख आणि चिंच घेतली, आणि स्वतःच्या हातांनी मला घासघासून धुतलं. वर गोमूत्र शिंपडलं. मी लख्ख झाले. चिठ्ठ्या मात्र लगदा होऊन मोरीतून वाहून गेल्या. अक्कांचा यात दोष नव्हता, मित्रांनो. त्यांनी लेकाची वस्तू घरात घेता यावी म्हणूनच ते केलं होतं.

आत सापडलेलं पत्र कुणालाच वाचता येईना. खंडोजीरावांचे थोरले भाऊ जयसिंगराव ते घेऊन दरबारच्या बँडमास्तरांकडे गेले. मास्तर गोव्याचे. ते घरी आले, ओसरीवर बसले आणि चष्मा वरखाली करत पत्र न्याहाळू लागले.

"ही पोर्तुगीज नव्हे. तिची बहीण म्हणा. स्पेनची भाषा. मला अर्धी कळते."

"अर्धी तर अर्धी. सांगा भिया," जयसिंगराव माळवी जिव्हाळ्यानं म्हणाले.

मास्तरांनी जमेल तसा अर्थ सांगितला. "गाव सान मिगेल. नाताळाच्या आधी दहा दिवस. पाय मोडला आहे. गहू कापणीला आला आहे, घामानं जीव जातो. बर्फाचा डोंगर ओलांडून आलो, आता सूर्य त्याच डोंगरामागं मावळतो. अक्कांचा राग गेला असेल तर उत्तर पाठवा, मी येईन. उत्तर आलं नाही, तर घरात मला जागा नाही असं समजेन." मग ते घुटमळले. "नाताळात घाम कसला? लिहिणाऱ्यानं महिना चुकवला असेल."

स्पेनची भाषा, म्हणजे माणूस स्पेनात. यात कुणाला शंका आली नाही. जयसिंगरावांनी स्पेनला पत्रं धाडली. तिथं सान मिगेल नावाची बरीच गावं निघाली. एकेका गावाहून वर्षा-दोन वर्षांनी उत्तर येई की असा माणूस इथं नाही. मी कोपऱ्यात ऐकत असे. मला सगळं ठाऊक होतं, पण पेटीला कोण विचारतो?

नर्मदाबाई रोज पहाटे तुळशीला पाणी घालून स्तोत्र म्हणत, आणि त्याच आसनावर बसून मास्तरांनी सांगितलेलं ते पत्र, शब्दही न गाळता, म्हणत. सोमवार धरले, हरतालिका धरली. अशी अकरा वर्षं उलटली.

मित्रांनो, आपल्यात एक रीत आहे. गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर नसेल, तर तो नाही असं मानतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि मग त्याची पत्नी कुंकू पुसते. जयसिंगरावांनी येत्या फाल्गुनातली तिथी काढून घेतली. त्यांचा भावावर राग नव्हता. "त्याचा जीव कुठं अडकला असेल तर सुटू दे," असं ते म्हणत, आणि म्हणताना भिंतीकडे बघत.

नर्मदाबाई थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नसत. त्या माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पेटीबाई, सोमवारांचं उद्यापन मला माहेरी करायचं आहे. श्रावणात धारला जाऊन येते म्हणावं."

"जा म्हणावं," जयसिंगराव भिंतीलाच म्हणाले.

उद्यापनाचं सामान भरून त्यांनी मला बरोबर नेलं. माहेरच्या शेजारी सुमंगलाताई राहत. त्या धारच्या मुलींच्या शाळेत शिकवत. पहाटे नर्मदाबाईंचं म्हणणं त्यांच्या कानावर पडलं.

"वहिनी, हे कुठलं स्तोत्र? यात गहू आहे नि घाम आहे."

नर्मदाबाईंनी सगळं सांगितलं. सुमंगलाताई उठल्या, शाळेतून जगाचा नकाशा आणला आणि माझ्या झाकणावर पसरला. "स्पेनची भाषा एकट्या स्पेनात कुठं असते? पूजेतल्या अक्षता द्या बघू."

त्या एकेक देशाचं नाव घेत गेल्या आणि एकेक दाणा ठेवत गेल्या. स्पेन. मेक्सिको. ग्वातेमाला. क्युबा. पेरू. चिली. अर्जेंटिना. मनिलालाही एक ठेवला. नुसत्या अमेरिकेत अठरा दाणे झाले. मधल्या मोठ्या ब्राझीलवर ठेवलेला दाणा मात्र त्यांनी परत उचलला. तिथं मास्तरांची पोर्तुगीज चालते. नर्मदाबाईंचा चेहरा उतरला.

"एका गावात सापडेनात, आता इतक्या मुलखांत कसं शोधायचं हो?"

"तुमच्या पत्रातच आहे ते. मास्तर चुकले. नाताळात घाम म्हणजे पृथ्वीचा खालचा अर्धा भाग. तिथं ऋतू उलटे." त्यांनी वरचे सगळे दाणे काढले. "बर्फाच्या डोंगरामागं सूर्य मावळतो म्हणता. चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर डोंगर उगवतीला आहे." तेही दाणे गेले. असा डोंगर किंवा गव्हाचं मैदान नसलेले मुलूखही गेले. डोंगराच्या पूर्वेला, सपाट मैदानात, एक दाणा राहिला. "अर्जेंटिना. पेटीवर कसल्या चिठ्ठ्या नव्हत्या का वहिनी? त्यावर पत्ताच असतो."

नर्मदाबाईंनी माझ्या झाकणाची कड पदरानं पुसली. "होत्या वाटतं. प्रवासात निघाल्या असतील."

माझ्या लाकडाला त्या उत्तरानं जो ओलावा आला, तो पाण्यानं कधी आला नव्हता.

सुमंगलाताईंनी तिथल्या इंग्रज सरकारच्या वकिलाला इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि मी नर्मदाबाईंबरोबर देवासला परतले. मार्गशीर्ष गेला, माघ गेला, फाल्गुन आला, उत्तर नाही. अंगणात पळसाची पानं आणून टाकली. जयसिंगराव म्हणाले, "किती वाट बघायची? तिथी टळली की लोक बोलतील."

अक्का काठी टेकत बाहेर आल्या. "पेटीवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या मी घासल्या. या हातांनी. ही पोरगी बारा वर्षं हे जाणून आहे, एका शब्दानं बोलली नाही. पानं गाईला घाल, जयसिंग. मी आहे तोवर विधी नाही."

नर्मदाबाई अक्कांच्या पायांशी बसल्या. त्या दिवशी दोघींनी एका ताटात जेवण केलं.

वैशाखात पत्र आलं. इंग्रज वकिलानं सिंधी व्यापाऱ्याला शोधलं होतं आणि त्यानं हिंदीत लिहिलं होतं. जयसिंगराव मोठ्यानं वाचू लागले. "खंडोजी यहीं हैं, राज़ी-ख़ुशी हैं, एक पैर से लंगड़ाते हैं। कहते हैं, यह बोली इतने मुल्कों में चलती है, देवास में भी कोई तो समझता होगा। जवाब नहीं आया, तो मान लिया कि घर का दरवाज़ा बंद है।"

पुढं त्यांना वाचवेना. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. "लिही," त्या म्हणाल्या. "दार उघडं आहे. आणि कुणालाही वाचता येईल अशा भाषेत लिही."

कार्तिकात खंडोजीराव आले. नर्मदाबाईंनी पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "फार दुखतो का हो पाय?" ते म्हणाले, "थंडीत दुखतो." इतक्या वर्षांनंतर त्या दोघांचं पहिलं बोलणं एवढंच झालं. मी शेजारीच होते.

आता मी धारच्या शाळेत असते. खंडोजीरावांनीच मला सुमंगलाताईंना दिलं. माझ्यात नकाशे ठेवतात. मित्रांनो, नकाशे ओल्या हातांनी गुंडाळू नका. मला वाळवीचं भय आहे. आणि कुणी दूर गेलं असेल, तर एका जागी बोट ठेवून, तिथं नाही म्हणून शोध थांबवू नका. एकच शब्द बोलणारी माणसं पृथ्वीच्या दोन्ही टोकांना असतात, आणि त्यांच्यातलं एखादं आपलं असतं. ते तिथं पाणी मागत असतं, आणि आपल्या उत्तराची वाट पाहत असतं.