वरचे तळे

हालिंगदाल खोऱ्यातल्या त्या गावात माणसाला त्याचा आजार विचारलेला चालतो, मुलगा काय करतो हे विचारलेले चालते, बायको का सोडून गेली हेही कॉफीच्या दुसऱ्या कपाला विचारता येते. मासे कुठे लागले, हे मात्र विचारायचे नसते. विचारलेच, तर खरे उत्तर द्यायचे नसते, आणि खोटे उत्तर मिळाले म्हणून रागवायचेही नसते. गावाचा एकोपा यावर टिकून आहे.

एम्ब्रिक हे सगळे मनापासून पाळत आला होता. त्याचे एक तळे होते. म्हणजे मालकीचे नव्हे; पण डोंगराच्या वरच्या अंगाला, भूर्जाची झाडे संपतात त्याच्याही पलीकडे ते होते, आणि तिथला ट्राउट मासा मनगटापासून कोपरापर्यंत भरतो हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. बायको होती तोवर तिलाही नव्हते. ती मासे साफ करी आणि विचारत नसे. संसार सुखाचा झाला. थंडीत वर जायचे असले की एम्ब्रिक आधी खालच्या मोठ्या तळ्यावर जाई, चारचौघांदेखत गिरमिटाने बर्फाला भोक पाडी, त्या भोकाकडे निष्ठेने बघत बसे, आणि मंडळी जेवायला पांगली की हळूच सटके. घसरगाडीच्या मागे स्प्रूसची फांदी बांधलेली असे. ती त्याच्या खुणा पुसत येई.

यंदा मात्र त्याने ठरवले, की हे तळे बिर्गितला दाखवायचे.

बिर्गित शेजारची. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. दोघांची कॉफीची वेळ कधी एक झाली ते दोघांनाही सांगता आले नसते. आता तिची मुलगी तोना तिला बर्गनला नेणार होती. लिफ्टचे घर, खालीच दवाखाना, आणि खिडकीतून समोरच्या लिफ्टच्या घराचे दर्शन. ईस्टर उलटला की सामान हलणार. 'जाऊ नकोस' एवढे म्हणायला एम्ब्रिकला सबंध हिवाळा पुरला नव्हता. तळे दाखवले की त्यात सगळे आले, असा त्याचा हिशेब होता, आणि त्या गावापुरता तो चुकीचा नव्हता. अंगठी काय, तिथे कुणीही देतो.

"शनिवारी मासे धरायला जातोय," तो तिला म्हणाला. "येतेस तर ये."

"कुठे?"

"वर."

बिर्गितने कप खाली ठेवला. "मग केस धुवायला हवेत," ती म्हणाली.

शनिवारी लख्ख ऊन पडले होते. दोघे स्की चढवून, घसरगाडी ओढत निघाले. बेत डोक्यात ठरला होता, पण पायांना तो कुणी कळवलाच नव्हता. पाय नेहमीच्या वळणाने गेले आणि मोठ्या तळ्याच्या मधोमध येऊन थांबले.

तिथे सेवात होताच. सेवात म्हणजे गावचा निवृत्त पोस्टमन. दुसऱ्यांच्या गोष्टी घरोघर पोचवायची सवय पेन्शनीनंतरही सुटली नव्हती. आमिषाच्या अळ्या गारठू नयेत म्हणून तो त्या गालात ठेवी. त्यामुळे बोलणे तोंडाच्या एकाच बाजूने चाले, पण कमी होत नसे.

"या, बिर्गितबाई. एम्ब्रिक आज सोबत घेऊन आला म्हणायचा. एरवी बापडा एकटाच येतो आणि काही न धरता जातो."

"तुला लागलं का काही?" एम्ब्रिकने विचारले.

"छे. गालातल्याच तेवढ्या चावतायत."

एम्ब्रिकने भोक पाडले, शेजारी रेनडिअरचे कातडे अंथरले. बिर्गित त्यावर पालथी पडली आणि कोट डोक्यावरून ओढून तिने चेहरा भोकाशी नेला. असा अंधार केला की पाणी तळापर्यंत दिसते.

"काय दिसतं?" एम्ब्रिकने विचारले.

"दगड."

बराच वेळ गेला.

"आता?"

"तेच. आता चांगली ओळख झालीय."

मग कोट बाजूला करून तिने मान वर काढली आणि हलक्या आवाजात विचारले, "एम्ब्रिक, हेच का तुझं तळं?"

"हेच," एम्ब्रिक म्हणाला.

त्याला असे म्हणायचे नव्हते. पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडात इतकी वर्षे तयार होते, की ते त्याची वाट न बघता बाहेर पडले.

बिर्गित रागावली नाही. गावाचीच होती ती. उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. "छान आहे," म्हणाली. "तोना म्हणत होती, बर्गनलाही एक तळं आहे. शहराच्या मधोमध. बदकं असतात." आणि कातड्याची गुंडाळी करू लागली.

एवढ्या थंडीत एम्ब्रिकला घाम फुटला. सेवात हाकेच्या नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर बसला होता. बर्फावर तर खोकलासुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जातो.

"हे नाही," एम्ब्रिक म्हणाला.

"काय नाही?"

"तळं. हे माझं नाही. माझं वर आहे. त्या काळ्या कड्याच्या मागे." आणि नुसते सांगून भागणार नाही असे वाटून त्याने अख्खा हात लांब करून दाखवले.

सेवातचा जबडा हलायचा थांबला. एखादी अळी त्याने गिळली असावी. एम्ब्रिकच्या मागावर त्याने आयुष्यातले कितीतरी रविवार घालवले होते, दोनदा तर झाडावर चढून. तो एम्ब्रिककडे बघत राहिला, मग बिर्गितकडे, मग तिच्या हातातल्या अर्ध्या गुंडाळलेल्या कातड्याकडे. मग सावकाश आपल्या चटईवर पालथा पडला आणि त्याने कोट डोक्यावरून ओढला.

"मी भोकात बघतोय," कोटातून आवाज आला. "मला काही ऐकू येत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "कुठल्या कड्याच्या मागे, तेही आलं नाही."

"सेवात, तू भला माणूस आहेस," बिर्गित म्हणाली.

"हेही नाही ऐकलं. पण पुन्हा म्हणायला हरकत नाही."

दोघे चढाला लागले. वळणावर बिर्गितने मागे पाहिले आणि घसरगाडीची फांदी सोडून टाकली. "हे झाडत कुठवर जायचं? मला वाट ध्यानात ठेवायचीय."

वरचे तळे लहान होते, कड्याच्या कुशीत. एम्ब्रिकने भोक पाडले. ती पालथी पडली, कोट ओढला, गळ सोडला. आता तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. पाठीशी बोलणे सोपे गेले.

"बर्गनला जाऊ नकोस," एम्ब्रिक पाठीला म्हणाला.

मग त्याने उरलेलेही बोलून टाकले.

"माझ्याकडे राहा. नाहीतर मी तुझ्याकडे येतो. तुझी चूल कमी धुरते."

"गप्प बस," कोटातून आवाज आला. "आलाय."

कोट जरासा हलला, मग हिसका, मग बिर्गित गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी दोर ओढते आहे, टोपी तिरकी, आणि भोकातून पाण्यासकट मासा बर्फावर. काळपट पाठ, पिवळे पोट, अंगभर तांबडे ठिपके. तिने लाकडाचा एक टोला हाणला आणि मासा शांत केला. मग धापा टाकत बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"तोनाला फोन तू कर," ती म्हणाली.

"मी?"

"मी केला तर ती रडेल. मग मी रडेन, आणि मग मी जाईन. तुझ्याशी बोलताना रडायला तिला सुचायचं नाही."

फोनवर एम्ब्रिक आजवर 'हो' आणि 'बरं' यांच्या पुढे गेलेला नव्हता. "काय सांगू?"

"मघाशी माझ्या पाठीला सांगितलंस ते."

"सगळं?"

"चुलीचं वगळ," बिर्गित म्हणाली, आणि तिने पुन्हा कोट डोक्यावरून ओढला.

एम्ब्रिक उठला, खिशातून फोन काढला, आणि तो लागतो का हे बघायला शेजारच्या टेकाडावर चढू लागला. ओठ हलत होते. 'हो' आणि 'बरं' यांच्या पुढचे शब्द तो म्हणून बघत होता.