पिंपावर बसलेला माणूस

फिंटन गिलहूलीने कोपऱ्यावरच्या, आगीच्या बंबांना पाणी देणाऱ्या नळावर रिकामं पिंप पालथं घातलं, त्यावर बूड टेकलं आणि सोटा मांडीवर आडवा ठेवला. या बसण्यातून काय पदरात पडणार, हे त्याने मनाशी नीट मांडलं होतं. पिंप राखलं की बंबाच्या उपकप्तानाची चामडी टोपी. टोपी आली की वॉर्डाच्या पुढाऱ्यांत उठबस. उठबस झाली की पोलिसातली नोकरी, आणि गोदीतली पोती पाठीवरून कायमची खाली. नुसतं बसण्याचा एवढा मोबदला सहाव्या वॉर्डात आजवर फक्त न्यायाधीशांनाच मिळत आला होता.

त्या काळी न्यूयॉर्कात बंब होते ते टोळ्यांचे. ज्याचा माणूस आधी नळावर, पाणी त्याचं. आणि पाणी ज्याचं, आग त्याची. आपल्या गल्लीतली आग दुसऱ्याच्या बंबाने विझवणं म्हणजे परक्यांनी येऊन आपल्या बापाच्या शवपेटीला खांदा देणं. फिंटनच्या टोळीचा, हिरव्या पट्ट्यांचा, कप्तान मॅलकी ब्रॅनिगन याने सकाळीच गुत्त्यात फिंटनला जवळ ओढून सांगितलं होतं, "आज त्या कोपऱ्यावरून हलू नकोस. पिंप घेऊन जा. घंटा झाली की बस. मी येईपर्यंत सख्ख्या आईसाठीसुद्धा उठायचं नाही."

आता दुपारी घंटा झाली होती, आणि समोरच्या लाकडी घराच्या तळमजल्यातून धूर निघत होता.

पहिला बंब आला तो व्हॅन डोरेनचा. त्याची सगळी माणसं इथेच जन्मल्याचा तोरा मिरवणारी, फिंटनसारख्या आयर्लंडहून आलेल्यांना बटाटेखाऊ म्हणून हिणवणारी.

"काय रे बटाट्या, अंडी उबवतोयस का?"

"हो. पिल्लू बाहेर आलं की तुलाच बाबा म्हणेल."

नळ दोन भिंतींच्या कोनात होता. एका वेळी एकच माणूस अंगावर येऊ शकत होता, आणि एकेकाला फिंटन पुरून उरत होता. तिसऱ्याने त्याची भुवई फोडली. रक्त डोळ्यात उतरलं तरी पिंप हललं नाही.

तेवढ्यात जळत्या घराच्या जिन्यावरून डन्फीबाई खाली आली. वरच्या मजल्यावर राहून ती दुकानांसाठी शर्ट शिवायची. बोटीतून उतरल्यावर दोन महिने फिंटन तिच्याच चुलीवरचं सूप पीत होता. हातात सापडले तेवढे शर्ट छातीशी धरून ती थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"ऊठ रे! त्यांना पाणी घेऊ दे."

"मावशी, आपला बंब येतोच आहे."

"येईल तेव्हा माझ्या राखेला अंघोळ घालेल! माझं मशीन वर आहे, मेल्या. अजून हप्ते फिटायचेत त्याचे."

फिंटनने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "दोन मिनिटं, मावशी."

ती दोन मिनिटं गेली, आणखीही गेली. ज्वाळा दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून बाहेर आल्या. व्हॅन डोरेनने आपल्या माणसांना मागे घेतलं आणि हात कमरेवर ठेवून फिंटनकडे बघत राहिला.

"तुमच्या बंबाच्या कोठारावरूनच आलो मी. पोरं उंबऱ्यावर पाइप ओढत बसलीत. बंबाला ओढायचा दोरसुद्धा लावलेला नाही."

"थापा मारू नकोस."

"थापा?" डन्फीबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "काल मालकाने खालच्या दुकानातलं झाडून सगळं सामान हातगाड्यांवरून हलवलं. मला वाटलं, रंग द्यायचाय."

फिंटनने मनाशी हिशेब जुळवला. घंटा आत्ता झाली. पिंप मात्र मॅलकीने सकाळीच आणवलं. सोट्यावरची त्याची बोटं सुटली. तो उठला, पिंप पायाने लोटलं आणि व्हॅन डोरेनच्या माणसांना नळी जोडायला हात देऊ लागला. पहिली धार छपरापर्यंत पोचली तेव्हा छप्पर खाली येत होतं.

मग मॅलकी आला. चालत आला, भांग पाडून, आणि शेजारी घरमालक.

नळ अडवला म्हणून एक पोलीस शिपाई फिंटनची कॉलर धरून उभा होता. "कप्तान, हा तुमचा माणूस?"

मॅलकीने फिंटनच्या फुटलेल्या भुवईकडे सावकाश पाहिलं. "हा? गोदीतला हमाल आहे. गुत्त्यात येतो कधीमधी. आमच्यातला नाही."

"नळावर कोणी बसवलं तुला?" शिपायाने विचारलं.

फिंटनने तोंड उघडलं. मॅलकीचं नाव अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण शर्टांचा गठ्ठा कवटाळून रस्त्यात बसलेली डन्फीबाई त्याच्याकडेच पाहत होती. ऊठ म्हणून तिने विनवलं तेव्हा मॅलकी तिथे नव्हता, पिंपावर बसून राहिला होता तो फिंटनच.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मीच बसलो."

मॅलकीने खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

पुढे घरमालकाला विमा मिळाला. मॅलकीला पुढच्या निवडणुकीत वॉर्डाची उमेदवारी मिळाली. व्हॅन डोरेनच्या बंबाचं वर्तमानपत्रात कौतुक आलं. फिंटन नदीतल्या बेटावरच्या तुरुंगात दगड फोडायला गेला, आणि जळालेल्या शर्टांची भरपाई म्हणून, ते शिवायला देणाऱ्या दुकानदाराने डन्फीबाईकडून हिवाळाभर फुकट शिवून घेतलं, सगळं हातशिलाईने.