अर्धं बोट सरकलेला रॅक

मी एक सायकलींचा रॅक बोलतोय. लहान मोटारीच्या डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा आणि त्यावर दोन सायकली टांगायच्या, एवढंच माझं काम. दिसायला मी काही देखणा नाही. वाकवलेल्या काळ्या नळ्या, सहा पट्टे आणि सायकलींना ओरखडे पडू नयेत म्हणून हातांवर चढवलेले रबरी मोजे, असा माझा अवतार आहे.

माझ्याकडून अर्ध्या बोटाची चूक झाली, असं सात महिने मानलं गेलं. ती चूक माझी नव्हती. पण त्याचं मला फारसं दुःख नाही, आरोप काय, लोखंडाला चिकटत नाहीत. त्या सात महिन्यांत एका बाईंची नजर गेली आणि त्यांची एक साधी इच्छा राहून गेली, ते मात्र मला आजही सलतं.

जन्मापासून सांगतो. एका कारखान्यात एकानं मला वाकवलं, दुसऱ्यानं जोडलं, तिसऱ्यानं रंगवलं. शेवटच्या टेबलावर तपासणीला एक बाई बसायची. ती प्रत्येक रॅकचा प्रत्येक पट्टा पाय रोवून, दात-ओठ खाऊन ओढायची. माझे सहाही पट्टे ओढून झाल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "हा धरलेलं नाही सोडायचा." एवढ्या शाबासकीवर मी खोक्यात जाऊन पडलो आणि दुकानात आलो.

मला विकत घेतलं ते एका निवृत्त निरीक्षकांनी. दुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पारड्याखाली कोणी मेणाचा गोळा चिकटवला असला, तर तो त्यांना म्हणे दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचा. गल्लीत त्यांना सगळे तराजूकाका म्हणत. घरातही ते तसेच. चहात साखर घालताना चमचा आडवा धरून वरची साखर बोटानं सपाट करायचे. त्यांची बायको, म्हणजे काकू, टपाल कचेरीत पत्रं लावायच्या आणि रोज सायकलनं कामावर जायच्या. नवऱ्याच्या या काटेकोरपणाची त्या खूप थट्टा करायच्या, पण कोणी बाहेरच्यानं केली तर त्यांना खपत नसे.

काकूंच्या डोळ्यांचं दुखणं मी येण्याआधीच सुरू झालं होतं. त्यांची नजर कडेकडून मिटत चालली होती. समोरचं स्वच्छ दिसे, बाजूचं नाही. डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नाही. जे करायचं मनात असेल ते याच वर्षी करून घ्या, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

काकूंच्या मनात फार काही नव्हतंच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघं कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर सायकली चालवायला जात. सरळ रस्ता, दुतर्फा झाडं, वाहनांची वर्दळ नाही. दिसतंय तोवर त्या रस्त्यानं एकदा पुलापर्यंत सायकल चालवायची, एवढंच त्यांना हवं होतं. शहरात बाजूनं येणारी गाडी दिसायची नाही, म्हणून गल्लीत चालवणं कधीच बंद झालं होतं. कालवा चाळीस किलोमीटर लांब आणि घरची मोटार अगदी लहान, शेंगदाण्याएवढी. मग सायकली न्यायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला आणि काकांनी तो हातात घेतला. इथंच सगळं बिनसलं.

काकूंच्या धाकट्या भावाचा एक टेम्पो आहे. तो लोकांची कपाटं-पलंग वाहून नेतो. सायकली टेम्पोत आडव्या घालतो, दोरीनं बांधतो, तुम्ही मागून गाडीनं या, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकांनी त्याच्या दोरीच्या गाठी पाहिल्या आणि मान हलवली. मेहुण्याच्या टेम्पोतून उतरलेल्या एका कपाटाला आरसा नव्हता, हे ते विसरायला तयार नव्हते. मग तीन आठवडे दुकानं पालथी घालून त्यांनी माझी निवड केली.

मी घरी आलो तो दिवस मला लख्ख आठवतो. काकूंनी मला हातानं चाचपून पाहिलं. आपली सायकल पुसून, चेनला तेल देऊन त्या तयारच होत्या. पण काका आधी चाचणी घेणार होते. त्यांनी सायकलींचं वजन केलं, त्याच्या दीडपट वाळू दोन पोत्यांत भरली आणि ती माझ्यावर टांगली. आता माझे वरचे दोन आकडे डिकीच्या दाराच्या कडेत अडकतात. तिथला रंग खरवडू नये म्हणून त्यांनी आकड्यांखाली फडक्याच्या चार-चार पदरी घड्या घातल्या. मग वस्तीला अकरा फेऱ्या मारल्या. परत आल्यावर पट्टी लावून पाहिलं, तर डावीकडचा आकडा अर्धं बोट सरकला होता.

अहो, मी सरकलो नव्हतो. वजनानं फडकं दबलं होतं. पट्टा होता तिथंच होता. मला सांगता आलं असतं, तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण माझ्यासारख्यांना ओझं धरता येतं, तोंड नसतं.

काकूंचं म्हणणं होतं की अर्ध्या बोटाचं काय एवढं, जाऊन तर येऊ. काका म्हणाले की आज वाळू आहे, उद्या सायकल सुटली आणि मागून कोणी दुचाकीवर येत असलं तर? त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'पट्टा सरकतो', आणि मला भिंतीच्या खिळ्यावर टांगलं.

मग काका दुसरे मार्ग शोधू लागले. आधी टपावरचा रॅक. एका दुकानदारानं तो जोडून दाखवला. वर सायकल चढवायला दोघं लागतात. काका एका बाजूला स्टुलावर, काकू दुसऱ्या बाजूला. सायकल तिरकी झाली आणि हँडल काकूंच्या कपाळावर आदळलं. बाजूनं येताना ते त्यांना दिसलंच नाही. टेंगूळ घेऊन त्या घरी आल्या आणि टपाचा विषय संपला.

मग सायकली गाडीच्या आतच घालून पाहिल्या. पुढची चाकं काढली, मागची सीट पाडली, पुढची एक सीट सरकवली, तेव्हा कुठं दोन्ही सायकली मावल्या. फक्त काकू मावेनात. अख्खा रविवार त्यात गेला आणि सीटला चेनचं काळं लागलं ते वेगळंच.

त्यानंतर गाडीच्या मागं लोखंडी हुक बसवून त्यावर रॅक लावायचा, असं ठरलं. मेकॅनिक गाडीखाली शिरला. हुक बसेल, पण एवढ्याशा गाडीला आधी परवानगी काढा, असं तो म्हणाला. काकांनी अर्ज केला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं की हा नमुना चुकीचा आहे, दुसऱ्या नमुन्यात अर्ज करा. काकांनी तोही भरला. त्यांच्या अक्षराइतकं सुबक अक्षर त्या कार्यालयात कोणी पाहिलं नसेल.

मी खिळ्यावरून सगळं बघत होतो. काकू दर रविवारी गॅरेजमध्ये येऊन सायकल पुसायच्या. सुरुवातीला त्या थेट सायकलीपाशी यायच्या. पुढं पुढं दाराची चौकट चाचपून येऊ लागल्या. एकदा माझ्या खाली लोंबणाऱ्या पट्ट्याला अडखळल्या आणि मलाच म्हणाल्या, "बाजूला हो रे बाबा." त्या हसत होत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी शेवटी त्या सायकल हातानंच पुसायच्या. कुठं धूळ राहिली ते बोटांना कळायचं.

सातव्या महिन्यात काकूंचा भाऊ एक टेबल पोचवून जाता जाता घरी डोकावला. काकांना अजून परवानगीची वाट बघताना पाहून त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि डिकीवर बसवायला घेतलं. काकांनी फडक्याच्या घड्या पुढं केल्या. त्यानं त्या हातात घेऊन दाबून पाहिल्या.

"भाऊजी, हे कशाला?"

"रंग जातो."

"तेव्हाही घातलं होतं?"

काकांनी मान हलवली. भावानं फडकं बाजूला ठेवलं, आकडे नुसत्या पत्र्यावर अडकवले, पट्टे ओढले आणि स्वतः माझ्यावर लटकून दोन्ही पाय उचलले. चांगला भरभक्कम माणूस. मी जागचा हललो नाही.

"पट्टा नाही सरकला," तो म्हणाला. "तुमचं फडकं दबलं."

जन्मभर लोकांच्या पारड्याखालचं मेण शोधणारा माणूस. त्यांनी घडी उलटीसुलटी करून पाहिली, मग गॅरेजच्या पायरीवर बसून राहिले. भाऊ टेम्पो काढून निघून गेला. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हळूहळू येऊन काकांच्या शेजारी बसल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"फडक्याचं?"

"फडक्याचं नाही हो. तुम्हाला निघायचंच नव्हतं, ते." काकांनी फडक्याची घडी खाली ठेवली. काकूच पुढं म्हणाल्या, "एकदा मी चालवून आले की मग पुढं काय राहिलं, या विचारानं तुम्ही घाबरलात. मीही घाबरले होते. नाहीतर भावाच्या टेम्पोत बसून कधीच गेले असते. मी का गप्प बसले?"

मी एवढी ओझी उचलली, पण त्या दोघांचं सात महिन्यांचं गप्प बसणं मला पेलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. माझ्यावर दोन सायकली होत्या. काकांनी वाटेत चार वेळा गाडी थांबवून मला तपासलं. मी केसभरही सरकलो नव्हतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत अभिमानाचा प्रवास होता आणि तो इतका उशिरा झाला, की अभिमान कुठं ठेवावा ते मला कळेना.

कालवा होता तिथंच होता. झाडं वाढली होती. काकू सायकलवर बसल्या, काका कॅरियर धरून मागून पळू लागले. पाच-पंचवीस पावलं सायकल झोकात गेली. काकूंची पाठ एकदम ताठ झाली, टपाल कचेरीत निघालेल्या तरुण बाईची असावी तशी. मग पुढचं चाक रस्ता सोडून गवतात उतरलं. त्या पडल्या नाहीत, स्वतःच पाय टेकून थांबल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा गवत. तिसऱ्यांदा चाक कालव्याच्या बाजूला वळलं, तेव्हा त्या उतरल्या.

"कडा दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "रस्ता कुठं संपतो ते कळत नाही."

"आपण रॅक आणला तेव्हाच आलो असतो, तर रस्ता दिसला असता," काका म्हणाले.

काकूंनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलून समजूत घालण्याची त्या घरात पद्धतच नव्हती. त्यांनी फक्त आपली सायकल काकांच्या हाती दिली आणि सांगितलं की तुम्ही पुलापर्यंत जाऊन या, दोन सायकली आणल्यात, एक तरी फिरू दे. काका नको म्हणत होते. काकूंनी ऐकलं नाही. काका गेले. काकू माझ्याजवळ, गाडीला टेकून उभ्या राहिल्या. चाकांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्या त्या दिशेला तोंड करून होत्या. मग त्या माझ्या नळीवर कपाळ टेकवून रडल्या. बऱ्याच वेळानं सायकलचा आवाज परत आला, तेव्हा त्यांनी पदरानं मला आधी पुसलं आणि मग डोळे.

पाणी कसं आहे, असं त्यांनी काकांना विचारलं. काकांनी विचार करून सांगितलं की सहा फूट तरी खोल असेल. त्यावर काकूंना असं हसू फुटलं की थांबेना. काकाही हसू लागले, आणि हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले.

त्याला आता दोन वर्षं झाली. काकूंना थोडा उजेड कळतो, बाकी काही नाही. काका रोज त्यांना हाताला धरून फिरायला नेतात. मी खिळ्यावरच होतो.

आज सकाळी समोरच्या घरातलं जोडपं काकांकडे आलं. नवं लग्न, नवी सायकल दोघांना, आणि गाडी आमच्यापेक्षाही लहान. टपावरचा रॅक बरा, मागचा बरा, की हुकाचा, असं त्यांना विचारायचं होतं. दोन महिने ते माहिती काढताहेत. तराजूकाका सगळं मोजून-मापून सांगतील, म्हणून मुलीनं लिहून घ्यायला वहीसुद्धा आणली होती.

काका उठून गॅरेजमध्ये आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, जोडप्याच्या गाडीच्या डिकीवर टेकवलं आणि आकडे थेट पत्र्यावर अडकवले.

"काका, रंग जाईल," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे."

दहा मिनिटांत सायकली चढल्या. काकांनी एकदा पट्टे ओढून पाहिले आणि हात झटकले. आम्ही पुढच्या महिन्यात जायचं म्हणत होतो, असं मुलगी संकोचून म्हणाली. काकांनी गाडीचं दार उघडून धरलं.

"आज जा," ते म्हणाले. "आत्ताच."

घरातून काकूंचा आवाज आला, "निघाले का हो ते?"

काका फाटकाशी उभे होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून उत्तर दिलं. माझ्या मागच्या नळीपर्यंत ते अगदी अस्पष्ट पोचलं.

"निघाले. निघाले गं ते."